गोल करवत : मांडणी आणि सुरक्षित वापर

वीज खेडोपाडी पोहोचली आणि सुतारकामाचे स्वरूप पालटले. दोघांनी दिवसभर ओढावयाच्या करवतीचे काम टेबलात बसविलेली विजेची गोल करवत काही मिनिटांत उरकते. तथापि, हे यंत्र जितके उपयुक्त, तितकेच निष्काळजीपणास कठोर शासन करणारे आहे. २५० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटास ३,००० फेरे घेते, तेव्हा त्याचे दाते ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने फिरत असतात. हात मागे घेण्यास तेथे अवधीच मिळत नाही.

या यंत्रावरील मोठा धोका म्हणजे लाकूड उसळून अंगावर येणे. पात्याचे पुढचे दाते लाकूड टेबलावर दाबतात. मागचे दाते मात्र वर उचलतात. चिरलेली फट मिटून पाते आवळले गेले, अथवा लाकूड पाते व मार्गदर्शक पट्टी यांच्यामध्ये अडकले, की मागचे दाते ते उचलून चालकाकडे भिरकावतात. त्याच झटक्यात हात पात्यावर ओढला जाण्याचा संभव असतो.

यास्तव मांडणीकडे प्रथम लक्ष द्यावे. यंत्र सपाट जमिनीवर घट्ट बसवावे व त्यास अर्थिंग असावे. पुढील जुळणी वीजजोड काढूनच करावी. मार्गदर्शक पट्टी पात्याशी समांतर हवी. त्यासाठी एका दात्यावर खडूची खूण करून तो पुढे असताना व हाताने मागे फिरविल्यावर, दोन्ही ठिकाणी पट्टीपर्यंतचे अंतर मोजावे. पात्याच्या लगेच मागे, ८ मिलिमीटरपेक्षा अधिक अंतर न ठेवता, फट उघडी ठेवणारी पोलादी पट्टी असावी. ती पात्याच्या अंगापेक्षा किंचित जाड, पण फटीपेक्षा पातळ असावी. वरचे झाकण अडचण वाटते म्हणून काढून ठेवू नये.

आपल्याकडे वीज अवचित जाते व येते. वीज परतताच यंत्र आपोआप सुरू होऊ नये, अशी कळ बसविणे म्हणूनच अगत्याचे आहे.

जुन्या लाकडातील खिळे आधी काढावेत. पाते लाकडाच्या जाडीपेक्षा थोडेच वर ठेवावे. चालकाने पात्याच्या रेषेत उभे न राहता बाजूस उभे राहावे. हात पात्याजवळ जाऊ लागताच लाकूड रेटण्यासाठी काठी वापरावी. पट्टीचा वा आडव्या कापाच्या सरकत्या आधाराचा आश्रय न घेता, केवळ हाताने धरून लाकूड कधीही कापू नये. सैल बाह्या, उपरणे व हातमोजे टाळावेत. ते पात्यात ओढले जातात. डोळ्यांवर चष्मा व नाकातोंडावर मुखपट्टी असावी. लाकडाच्या भुशास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक ठरविले आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांच्या धोकादायक भागांस संरक्षक आवरण बंधनकारक केले. परंतु दहापेक्षा कमी कामगारांच्या सुतारशाळा बहुतांशी त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. तेथे दक्षतेचा भार मालक, निदेशक व गावकरी यांच्यावरच येतो. शाळेसाठी वा ग्रामोद्योगासाठी यंत्र खरेदी करताना किमतीबरोबरच झाकण, फटीतील पट्टी व सुरक्षित कळ आहे ना, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. कारागिराची बोटे हेच त्याचे भांडवल आहे. ते शाबूत राखणे हाही ग्रामविकासाचाच भाग होय.