थंडीतली शाळा

नातीच्या दैनंदिनीत शाळेची हिवाळी सूचना चिकटवून आली : मुलं सातला शाळेत हवीत, स्वेटर गडद निळाच हवा, ताप-खोकला असेल तर घरीच ठेवा. बँकेत आयुष्यभर परिपत्रकं वाचलेली. त्यामुळे असला कागद मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

खोकल्याचं पटलं. सातचं मात्र पटत नाही. वर्षातला सर्वांत लहान दिवस डिसेंबरात २१-२२ तारखेला सरतो, पण सूर्योदय त्यानंतरही लांबतच जातो. जानेवारीच्या मध्याला मुंबईत सव्वासात होतात. म्हणजे पहिलीतलं पोर अंधारात दात घासणार, अर्धी पोळी टाकून रिक्षात पेंगणार. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, ते मुलांची झोप पुरी होत नाही म्हणूनच. अडचण असलेल्या शाळांना शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेनं वेळ वेगळी ठेवता येते. दोन सत्रांच्या शाळांची अडचण खोटीही नाही. पण आपल्या शाळेनं ती मान्यता घेतली आहे का, एवढं पालकसभेत विचारायला काय हरकत आहे?

आणि तो निळा स्वेटर! आजीनं विणलेल्या लाल स्वेटरला, थोरल्या भावाच्या विटक्या तपकिरीला ऊब कमी असते का? दोन महिन्यांच्या थंडीसाठी नवा घेणं प्रत्येक घराला परवडत नाही. रंग चुकला म्हणून स्वेटर दप्तरात कोंबून कुडकुडत बसलेलं मूल मी पाहिलं आहे. बाईंना चिठ्ठी लिहा. बहुतेक बाई ऐकतात.