आधी ऑपरेशन झालंय, मग आता दुर्बीण चालेल का?

आळे आणि आसपासच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात कांदा-टोमॅटोच्या रानात उन्हात राबणाऱ्यांना मुतखडा नवा नाही. घाम जातो, पाणी कमी पडतं, लघवी घट्ट होते आणि खडा धरतो. खरा घोळ होतो तो ऑपरेशन झालेल्या माणसाला पुन्हा खडा झाला की. ‘एकदा कापलेल्या जागी दुर्बीण जात नाही’ असं कुणीतरी ठामपणे सांगतं, आणि रुग्ण हुलग्याच्या पाण्यावर महिने काढतो. तोवर खड्याने वाट अडवलेली किडनी आतल्या आत खराब होत राहते. म्हणून हा समज आधी दूर व्हायला हवा.

पूर्वी खडा काढायला बरगडीखाली कुशीत लांब छेद घेत. १९७६ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी पाठीतून थेट किडनीत वाट करून खडा काढल्याचं प्रसिद्ध केलं. तीच आजची पीसीएनएल, म्हणजे पाठीतून दुर्बीण घालून खडा काढणं. तिला साधारण एक सेंटिमीटरचं छिद्र पुरतं, ‘मिनी’ प्रकारात त्याहून लहान. जुन्या छेदामुळे किडनीभोवती चिवट वण तयार होतो आणि वाट रुंद करताना जोर लागतो, हे खरं आहे. पण त्यासाठी धातूचे डायलेटर असतात, आणि वणाने जखडलेली किडनी सुई घालताना फारशी हलत नाही. आधी ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या रुग्णांची तुलना वेगवेगळ्या देशांत झाली आहे. खडा साफ होण्याचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखंच आढळलं. वेळ मात्र कधीकधी जास्त लागतो.

मग सिझेरियन, अपेंडिक्स, हर्निया? त्यांची भीती तर आणखी कमी धरावी. किडनी पोटाच्या पडद्यामागे, पाठीच्या बाजूला असते आणि पीसीएनएलची वाट पाठीतूनच जाते. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान खड्यासाठी बहुधा लघवीच्या मार्गानेच दुर्बीण नेऊन लेझरने खडा फोडता येतो. तिथे कापाकापीचा प्रश्नच नाही. अवघड ठरतात ती मूत्रनलिकेची किंवा मूत्राशयाची जुनी ऑपरेशनं, किंवा गर्भपिशवी काढताना मूत्रनलिकेला इजा झाली असेल तर ती. तिथे नळी अरुंद झालेली असू शकते. शिवाय काहींचं मोठं आतडं किडनीच्या मागे, म्हणजे पीसीएनएलच्या वाटेतच, सरकलेलं असतं. सोनोग्राफीत ते नीट कळेलच असं नाही, सीटी स्कॅनमध्ये दिसतं. जुनं ऑपरेशन असलेल्याने या तपासणीचा खर्च टाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट टोकाचा समजही तितकाच घातक आहे: ‘लेझर आहे, म्हणजे धोका नाही.’ रक्तस्राव होऊ शकतो, आणि लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला तर जीवावर बेततं. म्हणून आधी लघवीची कल्चर तपासणी करतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. ती मनाने बंद करू नका, मनाने चालूही ठेवू नका.

ऑपरेशननंतर आत ठेवलेली स्टेंटची नळी सांगितलेल्या तारखेला काढून घ्या. दुखत नाही म्हणून ती विसरलेल्या रुग्णांच्या नळीवरच पुढे खडे चढतात. आणि लघवी दिवसाला दोन-अडीच लिटर होईल इतकं पाणी प्या, कारण काळजी घेतली नाही तर दहा वर्षांत निम्म्या रुग्णांना खडा पुन्हा होतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. जाताना जुनं डिस्चार्ज कार्ड न्या, आणि ते हरवलं असेल तर अंगावरचा प्रत्येक वण डॉक्टरांना दाखवा. खड्याच्या दुखण्यात थंडी वाजून ताप आला, लघवी थांबली, किंवा एकच किडनी असताना कळ सुरू झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला दवाखाना गाठा.