पामेरियन म्हणजे नेमकं कोण? एका चिमुकल्या कुत्र्याची जात आणि तुमच्या डेटाचा रकाना

अनसिंगला कुणाच्या ओसरीवर पांढरंशुभ्र, झुपकेदार शेपटीचं, अनोळखी माणसावर जिवाच्या आकांताने भुंकणारं छोटं कुत्रं दिसलं की ते ‘पामेरियन’. वाशिम-पुसद रस्त्यावरच्या कुठल्याही गावात हेच उत्तर मिळेल. प्रत्यक्षात आपल्याकडची यातली बहुतेक कुत्री इंडियन स्पिट्झ असतात. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मधला टफी आठवतो ना? तोही स्पिट्झच.

पाळणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पण समजा, उद्या तुम्ही संशोधनासाठी साठ कुत्री तपासली, ‘जात’ या रकान्यात मालकाने सांगितलं तेच लिहिलं आणि गुडघ्याच्या विकाराचं प्रमाण काढलं. ते युरोपातल्या पॉमेरेनियनपेक्षा कमी निघालं. आता तुम्ही लिहिणार, विदर्भातल्या पॉमेरेनियनचे गुडघे चांगले! तुम्ही मोजलं भलतंच कुत्रं, आणि तुलना केली भलत्याशी. पुढचं सगळं सांख्यिकी बरोबर असूनही निष्कर्ष चुकीचा.

मग खरा पॉमेरेनियन कोणता? नाव आलं पोमेरेनियावरून. बाल्टिक समुद्राकाठचा हा प्रदेश आज पोलंड आणि जर्मनीत विभागलेला आहे. तिथली मूळ स्पिट्झ कुत्री चांगली मोठी होती. १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने इटलीतल्या फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा छोटा कुत्रा आणला आणि लहान आकाराची हौस वाढत गेली. मार्को साधारण साडेपाच किलोचा होता. आज अमेरिकन मानकात पॉमेरेनियनचं वजन १.४ ते ३.२ किलो आहे. इंडियन स्पिट्झचा लहान प्रकार पाच ते सात किलोचा. म्हणजे वजनाच्या काट्यावर राणीचा मार्को आजच्या पॉमेरेनियनपेक्षा आपल्या अनसिंगच्या कुत्र्याच्या जवळ बसतो! आपला स्पिट्झ हा ब्रिटिश काळात आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांपासून इथे तयार झालेला. उष्णता सोसणारा, खाण्यापिण्याचे नखरे कमी.

आणखी एक गुंता आहे. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ पॉमेरेनियनला जर्मन स्पिट्झचाच सर्वांत लहान प्रकार मानतो, तर अमेरिकेत ती स्वतंत्र जात आहे. कुत्रं तेच, नोंदवही वेगळी. ‘जात’ ही अशी माणसांनी आखलेली रेघ असते, आणि कोणाची रेघ वापरली हे प्रबंधात लिहावंच लागतं. ‘टीकप’ म्हणून विकतात ती तर कुठल्याच नोंदवहीत जात नाही, तो निव्वळ दुकानदारीचा शब्द आहे.

आकाराची गोष्ट मात्र जनुकांत सापडते, आणि ती मला या सगळ्यात जास्त आवडते. २००७ मध्ये नेथन सटर, इलेन ऑस्ट्रँडर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की लहान जातींमध्ये पंधराव्या गुणसूत्रावरच्या आयजीएफ-१ या वाढीच्या जनुकाजवळ एकच सामाईक तुकडा आढळतो, महाकाय जातींत तो जवळपास नसतोच. पण नेमका बदल कोणता, ते कळायला २०२२ उजाडलं. सगळ्यांचा अंदाज असा, की माणसाने कुत्रा पाळला, मग लहान आकार घडवला. निघालं उलटंच. लहान आकाराची आवृत्ती सायबेरियातल्या सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही होती. म्हणजे ती कुत्रा पाळीव होण्याच्या कितीतरी आधीची, आणि कोल्ह्यांच्या नात्यातल्या इतर प्राण्यांतही दिसते. माणसाने ती फक्त निवडून निवडून गोळा केली. हा एक बदल कुत्र्यांच्या आकारातला साधारण १५ टक्के फरक समजावतो. एका जागेसाठी हे प्रचंड आहे. माणसाच्या उंचीमागे हजारो जागा असतात, प्रत्येकीचा वाटा नगण्य.

लहानपणाची किंमत शरीर मोजतं. प्रौढ कुत्र्याला दात ४२, मग जबडा केवढाही असो. चिमुकल्या तोंडात ते दाटीवाटीने बसतात, दुधाचे दात पडत नाहीत, हिरड्या लवकर खराब होतात. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते, मग कुत्रं चालता चालता एक पाय उचलून दोन उड्या मारतं आणि पुन्हा नीट चालतं. लोकांना ते लाडिक वाटतं! श्वासनळीच्या कूर्चा सैल पडल्या की बदकासारखा खोकला येतो. अशा कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालू नये, छातीपट्टा वापरावा. अगदी लहान पिल्लू थोडा वेळ उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरून लटपटतं. उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर गेला की आपल्याकडे यांची पार हजामत करतात. तसं करू नये. दुहेरी लोकर उन्हापासून आडोसाही देते, आणि स्पिट्झ कुळात ती पुन्हा नीट उगवेलच याची खात्री नसते. जमेची बाजू म्हणजे लहान कुत्री मोठ्यांपेक्षा सहसा जास्त जगतात.

यातल्या किती तक्रारी इंडियन स्पिट्झला लागू होतात, हा प्रश्न प्रबंधाला पुरेल एवढा आहे. तो घेणार असाल तर प्रपत्रात ‘जात’ या एका रकान्याऐवजी तीन ठेवा: मालकाने सांगितलेली जात, खांद्यापर्यंतची उंची, वजन. जमलं तर आईबापांची माहिती किंवा डीएनए नमुना. आणि पहिल्या रकान्यात मालक ‘पामेरियन’ म्हणाला, तर अगदी तसंच लिहा.