लाईन आली का?

आज सकाळपासून 'लाईन' हा शब्द तुम्ही किती वेळा बोललात? जरा मोजून बघा. मोबाईल चार्जिंगला लावताना 'लाईन गेली का गं?', बस स्टँडवर पास काढताना 'ओ दादा, लाईनीत या', कॉलेजच्या गेटवर मित्राच्या कानात 'तो बघ, लाईन मारायलाय', वर्गात सरांचं 'पोरांनो, लाईनवर या', आणि घरी आलेल्या पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न, 'पोरगं कोणत्या लाईनला आहे?' वीज, रांग, प्रेम, शिस्त आणि करिअर, सगळं एकाच शब्दात! इंग्रजीचा विषय निघाला की आपण परभणीकर उगाच मान खाली घालतो. पण हा एक शब्द आपण जसा फिरवतो, तसा फिरवायचा म्हटलं तर लंडनचा माणूसही चक्रावेल.

आता गंमत ऐका. या शब्दाचं मूळ तुमच्या स्वयंपाकघरात, जवसाच्या चटणीच्या बरणीत आहे.

जवसाला लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणतात. वनस्पतिशास्त्रवाल्यांना पूर्ण नाव आठवत असेल, लिनम युसिटाटिसिमम, म्हणजे 'अत्यंत उपयोगी जवस'. आपण जवस पेरतो तो बियांसाठी. युरोपात त्याच्या उंच वाढणाऱ्या जातींच्या खोडातून धागा काढायचे. त्या धाग्याची दोरी म्हणजे 'लिनिया'. दोन टोकांना ताणून धरली की दोरी सरळ होते, म्हणून सरळ रेघेलाही तेच नाव पडलं. इंग्रजीतली 'लाईन' ती हीच. लग्नसराईत भाव खाणारा लिननचा शर्ट याच घरातला. टेलरकाका ब्लाउजला 'लायनिंग लावू का?' असं विचारतात, तेही यातलंच, कारण अस्तर पूर्वी लिननचं असायचं. बॅटला चोळतात ते लिनसीड ऑइल म्हणजे जवसाचं तेल. गोलंदाजाची 'लाईन' आणि फलंदाजाच्या बॅटचं तेल एकाच रोपातून आलंय, हे समालोचकांना कुणीतरी सांगायला पाहिजे.

आणि हे रोप आपल्याला परकं नाही. रब्बीत ज्वारी-हरभऱ्याच्या सोबतीला जवसाची निळी फुलं मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या दिसत आलीत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं लातूरला गळीतधान्य संशोधन केंद्र आहे, तिथे जवसावर काम चालतं. आता सगळीकडे सोयाबीनच दिसतं, ती गोष्ट वेगळी.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटलं ते पुढचं. जे लॅटिनवाल्यांनी दोरीचं केलं, तेच आपण 'सुता'चं केलंय! सूत म्हणजे धागा. पण मिस्त्रीच्या टेपवर इंचाचा आठवा भाग म्हणजेही सूत. सूत धरून लाकूड मापणारा तो सुतार, मूळ संस्कृत शब्द 'सूत्रधार'. एखाद्याला वठणीवर आणलं की तो 'सुतासारखा सरळ' होतो, म्हणजे लाईनवर येतो. आणि दोघांचं जमलं की त्यांचं 'सूत जुळतं'. म्हणजे माप, शिस्त आणि प्रेम या तिन्ही गोष्टी धाग्याला बांधायची कल्पना आपल्याला कुणा इंग्रजाने शिकवली नाही. बांधकामावरचा गवंडी 'लाईनदोरी' मागतो ना, तेव्हा तो नकळत 'दोरी-दोरी' म्हणत असतो. आणि हो, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांसाठी खास माहिती: जर्मन भाषेत दोरीला आजही 'लाइने'च म्हणतात.

मराठीत आल्यावर आपण या शब्दाचं रीतसर बारसं केलं. इंग्रजीत त्याला लिंग नाही. आपण त्याला स्त्रीलिंगी केलं, कारण ओळ, रांग, रेघ या तिच्या सगळ्या बहिणी स्त्रीलिंगीच. मग 'लाईनी', 'लाईनीत', 'लाईनीला' अशी रूपं आपोआप आली. ज्या शब्दाला मराठी प्रत्यय लागतात तो शब्द मराठी, असं माझं मत. व्याकरणाच्या सरांचं वेगळं असू शकतं.

शब्द आला कसा? बराचसा सरकारी वाटेने. बरॅकींच्या रांगांवरून 'पोलीस लाईन', नागपूरची 'सिव्हिल लाईन्स'. आणि आपल्याकडे मुख्य म्हणजे रेल्वे. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मीटर गेज लाईन परभणीवरून गेली आणि गावं दोन प्रकारची झाली, लाईनवरची आणि लाईनपासून लांबची. सेलू, पूर्णा, गंगाखेड लाईनवर, जिंतूर-पाथरीला आजही रेल्वे नाही. परभणी ते छत्रपती संभाजीनगर दुहेरी लाईनला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती २०२५ च्या जुलैअखेर. क्रॉसिंगला थांबलेल्या गाडीत बसून ज्यांनी कधी परीक्षेचं घड्याळ पाहिलंय, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

'लाईन क्लिअर' हा शब्दही रेल्वेचाच. पुढच्या स्टेशनने 'लाईन क्लिअर' दिल्याशिवाय स्टेशन मास्तर गाडी सोडत नाही. आपण तो शब्द कुठे कुठे नेला हे इथे छापता येणार नाही.

'लाईन मारणे' मात्र शब्दशः इंग्रजीत नेऊन दाखवा. जमणार नाही, कारण त्यातलं 'मारणे' आपलं आहे. चक्कर मारणे, दांडी मारणे, गप्पा मारणे आणि लाईन मारणे. ऐकायला हे सगळे एकाच माळेचे मणी. पण मैत्रिणींना विचारा. मारणाऱ्याला जी गंमत वाटते, तिच्यासाठी काही मुली क्लासचा रस्ता बदलतात, काहींचा क्लासच बंद होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं, संपर्क साधणं, तिच्या ऑनलाईन वावरावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इथे दुसरी लाईन कामाला येते, ती हेल्पलाईन. ११२ आणि महिलांसाठी १८१. सेव्ह करून ठेवा.

आमच्या मास कॉमच्या वर्गात तर लाईनींचा सुळसुळाट. हेडलाईन, बायलाईन, डेडलाईन. यातल्या डेडलाईनचा जन्म तुरुंगातला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक रेषा आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. असाइनमेंटची तारीख पुढे ढकलून मागताना हे लक्षात ठेवा, आपलं प्रकरण तेवढं गंभीर नसतं.

पण आपल्या जिल्ह्यात 'लाईन' म्हटलं की पहिला अर्थ विजेचाच. महावितरणने लाईनमनला 'जनमित्र' असं छान नाव दिलं. तरी वादळात पोलवर चढलेल्या माणसाला कुणी 'ओ जनमित्र' अशी हाक मारत नाही. सरकारी मराठीत विजेच्या लाईनला 'वाहिनी' म्हणतात, तोही शब्द गावात पोचला नाही. गावात विचारतात, 'लाईन आली का?' आणि हा प्रश्न पंख्यासाठी नसतो, मोटारीसाठी असतो. शेतीपंपाला थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. तुम्ही होस्टेलवर पांघरूण ओढून रील्स बघता, त्या वेळी तुमच्यापैकी कित्येकांचे वडील बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला निघालेले असतात. दारं धरायची, चिखलात साप-विंचवाची भीती आणि ओल्या हाताने स्टार्टर. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिची २.० आवृत्तीही आली. काही फीडरवर दिवसाची लाईन सुरू झालीय, काही गावं अजून वाट बघतात.

म्हणून गावाकडच्या मित्राचा फोन ऐका कधीतरी. 'जेवलास का?' नंतर येतं. आधी तो आईला विचारतो, 'या हप्त्यात लाईन दिवसाची हाय का रातची?'