दात येताहेत म्हणून…

"डॉक्टर, जुलाब दातांचेच आहेत. तुम्ही फक्त दात लवकर येण्याचं औषध द्या."

बेलापूरच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की सहा-आठ महिन्यांचं बाळ दारातून आत आलं की पुढचं मला पाठ असतं. एकदा मात्र असं झालं. आजी बोलत होत्या आणि मागे उभी असलेली सून नुसती मान हलवत होती, 'नाही' म्हणून. आजी बाळाचं झबलं आणायला बाहेर गेल्या तशी ती हळूच म्हणाली, "आत्याबाई म्हणतात दातांचं आहे. मला नाही तसं वाटत. पण पाच दिवस झाले, घरात बोलायची सोय नाही."

बाळाचे डोळे खोल गेले होते, टाळू आत बसली होती. पोटाला डिकेमाली लावलेली होती. होमिओपॅथीच्या दुकानातून आणलेल्या २१ नंबरच्या गोळ्याही चालू होत्या. पाणी मात्र कोणी फारसं पाजलं नव्हतं, कारण जुलाब वाढतील अशी भीती. त्या दिवशी बाळाला श्रीरामपूरला दाखल करावं लागलं. सुदैवानं ते वाचलं. आईची शंका बरोबर होती. ती पाच दिवस आधी बोलली असती, तर ही वेळ आली नसती.

मग दात आणि जुलाब एकत्र येतात हे खोटं का? नाही, येतात. पण एकत्र येणं वेगळं आणि एकामुळे दुसरं होणं वेगळं. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास दिसतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पुरे होतात. त्याच सहाव्या महिन्यात आईकडून पोटात असताना मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरत असते. त्याच सुमारास उष्टावण होतं, वाटी-चमचा सुरू होतो. बाळ रांगू लागतं आणि जमिनीवरचं जे हाताला लागेल ते तोंडात घालतं. जंतूंना वाट मिळते ती इथून. पुढच्या दोन वर्षांत दात सारखे येतच असल्यामुळे कुठल्याही आजारपणात तोंडात बोट घातलं, की एखादा दात हाताला लागतोच.

श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकावर वर्षानुवर्षं बेलापूरची पाटी पाहून परगावचे पाहुणे उतरत आणि आमचं गाव शोधत. दातांचंही तसंच आहे. पाटी एक, मुक्काम दुसराच.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथं याची नीट तपासणी झाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सव्वाशे बाळांच्या पालकांनी रोज ताप मोजून बारीकसारीक नोंदी ठेवल्या. दात येण्याआधीचे चार आणि नंतरचे तीन दिवस लाळ गळणं, चावणं, हिरड्या चोळणं, किरकिर आणि अंग थोडं कोमट लागणं हे वाढलेलं दिसलं. जोराचा ताप, उलट्या, पातळ शौच किंवा खोकला यांचा मात्र दातांशी संबंध आढळला नाही.

जुन्या ग्रंथांबद्दलही सांगतो. दात येणं हे सगळ्या रोगांचं कारण, असं वाग्भटानं 'अष्टांगहृदया'त म्हटलं आहे, आणि आपल्या आज्यांची समजूत त्याच परंपरेतली. पण तोच वाग्भट पुढे सांगतो, की या तक्रारींत बाळाला उपचारांनी फार जखडू नये, दात आले की त्या आपोआप शमतात. पहिलं वाक्य घरोघरी पोचलं, दुसरं वाटेतच राहिलं.

त्या दुसऱ्या वाक्यातच या औषधांच्या यशाचं गुपित आहे. किरकिर अगदी असह्य होते तेव्हा आपण गोळी देतो. दोन दिवसांत दात वर येतो, बाळ शांत होतं आणि श्रेय गोळीला जातं. २१ नंबरच्या गोळ्यांत मुख्यतः दुधातली साखर आणि अत्यल्प मात्रेत चुन्याचे व लोहाचे क्षार असतात. त्यांचं नुकसान बहुधा एवढंच, की त्यांच्या भरवशावर दिवस जातात. पण 'नैसर्गिक' म्हणून सगळंच निर्धोक नसतं. अमेरिकेत दातांसाठीच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण कमीजास्त आणि काही वेळा लेबलवर लिहिल्यापेक्षा फार जास्त निघालं. २०१७ साली तिथल्या औषध प्रशासनानं तसं जाहीर केलं.

आपल्याकडे टाकणखाराची लाही मधात खलून हिरड्यांना लावतात. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो मधातून चोखणीला लावल्यामुळे सात बाळांना झटके आल्याची नोंद १९८३ साली झाली आहे. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. हिरड्या बधिर करणारी मलमं तर आधुनिक औषधंच, पण तीही नकोत. बेन्झोकेनच्या मलमांमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटू शकते. गळ्यातल्या माळांनी फास बसण्याची भीती असते. शंका घ्यायची तर ती सगळ्यांवर सारखी घ्यावी, माझ्या चिठ्ठीवरही.

मग करायचं काय? हात धुऊन स्वच्छ बोटानं हिरडी हलके चोळा. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं चावायला द्या, हातात धरून. अंगावरचं दूध चालू ठेवा. जुलाब झाले तर ते जुलाबच समजा. आशाताईंकडून क्षार-संजीवनीची पुडी आणा, ती पाजत राहा आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं चौदा दिवस झिंक द्या. ताप १०१च्या वर गेला, शौचात रक्त दिसलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, बाळ मलूल पडलं किंवा पीत नसलं, तर दाताची वाट पाहू नका.

आणि सुनांनो, मनातली शंका मनात ठेवू नका. आजीचा अपमान न करताही विचारता येतं, "दातांचं असेलही, पण एकदा दाखवून तर आणू या?" आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या कामात गावच्या बायकाच आरोग्यसेविका झाल्या. मीठ-साखरेचं पाणी त्यांनी घरोघरी शिकवलं. अक्षरओळख नसलेल्या बायकांनाही ते जमलं.

त्या आजी पुढे दुसऱ्या नातवाला घेऊन आल्या, जुलाबाच्या पहिल्याच दिवशी. पिशवीत क्षार-संजीवनीची बाटली होती. म्हणाल्या, "दात येताहेत बरं का. पण जुलाबाचं वेगळं बघा."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)