नवतप्यात मॉरिशस

नवतपा लागला की बल्लारपुरात सकाळी भरलेला कूलर दुपारी कोरडा पडतो आणि पारा 46च्या पुढे गेला तरी कुणी भुवई उंचावत नाही. त्याच दिवसांत मॉरिशसला हिवाळा लागलेला असतो. देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे ऋतू उलटे. मे-जूनला किनाऱ्यावर दिवसा 25 अंशांच्या आसपास. शाळांच्या सुट्ट्या आणि तिथला मोसम असा जुळून येतो. हनिमूनची जोडपी मात्र लग्नसराई उरकून जानेवारी-फेब्रुवारी गाठतात, म्हणजे ऐन चक्रीवादळांचे दिवस.

जाहिरातीतलं निवळशंख, गुडघाभर पाणी खरंच तसं असतं. फक्त ते रिसॉर्टने केलेलं नसतं. ताडोब्याच्या गेटवरच्या रिसॉर्टांनी वाघ पाळलेला नसतो, तसंच हे. ज्वालामुखीतून वर आलेल्या या बेटाला सुमारे 150 किलोमीटर लांबीचं प्रवाळाचं कडं आहे. किनाऱ्यावर बसलं की दूरवर एक पांढरी रेघ दिसते. हिंदी महासागराच्या लाटा तिथेच फुटतात आणि आत पोचतं ते शांत पाणी. पायाखालची पांढरी वाळूही मुख्यतः प्रवाळाचा नि शिंपल्यांचा चुरा. पोपटमासा प्रवाळ कुरतडून त्यात भर घालतो. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी कडं तुटलं आहे. तिथे लाटा थेट काळ्या कड्यांवर आदळतात आणि पोहायला कुणी उतरत नाही. हा फरक स्वतः पाहावा असाच आहे.

25 जुलै 2020 रोजी ‘वाकाशिओ’ हे जहाज याच प्रवाळाच्या कड्यावर चढलं. ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल सांडलं. तेव्हा गावकऱ्यांनी उसाचं पाचट कापडात भरून, शिवून लांबच लांब तरंगते अडसर केले आणि समुद्रात सोडले.

किनाराही हॉटेलच्या मालकीचा नाही. भरतीच्या रेषेपर्यंत तो कायद्याने सगळ्यांचा. रविवारी फ्लिक-आं-फ्लाकला सुरूच्या झाडांखाली घरची पातेली उघडतात. मला तरी हे बुफेपेक्षा बरं वाटतं. दालपुरी जरूर खा: आत वाटलेली वाटाण्याची डाळ, वर रस्सा नि चटणी, आणि देतात ती जोडीने.

मॉरिशसच्या उसामागे आपलीच माणसं आहेत. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून पहिले 36 करारबद्ध मजूर उतरले, तेही छोटा नागपूरकडचे, म्हणजे आपल्यासारख्याच जंगलपट्ट्यातले. पुढे साडेचार लाखांहून अधिक आले, त्यांत कोकणातले मराठीही होते. त्यांचे वंशज घरात क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकता येतं, गणेशोत्सवाला सरकारी सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरच्या 16 दगडी पायऱ्या त्या मजुरांनी चढलेल्या. 2006पासून ते जागतिक वारसास्थळ आहे.

तेव्हा बाकीचे दिवस खुशाल लोळा, पण एक दिवस त्या घाटाला द्या. मुंबईहून थेट विमान सहा-सात तासांत पोचतं. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर विनाशुल्क मिळतो, मात्र परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागतं. पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर पाय देऊ नका, आणि शंख-शिंपले पिशवीत भरू नका.