घोड्यांच्या शर्यतींवरील पैजा : परिभाषा व कायदा

मुंबईंतील जुन्या खटल्यांचे निकाल व वर्तमानपत्रें वाचतांना घोड्यांच्या शर्यतींसंबंधींचे शब्द वारंवार आढळतात, आणि त्यांचा नेमका अर्थ ठाऊक नसल्यास वाचकाची वाट अडते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथें राहणाऱ्या आमच्या वाचकांस तर हा विषय केवळ कागदपत्रांतला नाहीं. लोकलगाडीनें महालक्ष्मी स्टेशनास उतरून मैदानांत जाणारे लोक त्यांच्या शेजारींच राहतात. आणि मैदानाची पायरी न चढतां घराजवळच कोणाकडे तरी पैसे लावणारेही आढळतात. दोहोंचा घोडा तोच आणि शब्दही तेच. परंतु कायद्यानें त्यांत जें अंतर ठेविलें आहे तें फार मोठें आहे. तें अंतर कसें पडलें, हें परिभाषेसह दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम आपल्या भाषेंतील शब्द पाहूं. 'शर्यत' हा शब्द अरबी 'शर्त' म्हणजे अट, करार, याच्याशीं जोडलेला आहे. धांवण्याचा अर्थ त्यास मागाहून आला. 'पैज' हें 'प्रतिज्ञे'चें प्राकृतांतून आलेलें रूप होय. 'पण' हा तर द्यूतांतलाच शब्द, व 'पणास लावणें' या प्रयोगांत तो अद्याप जिवंत आहे. तिहींच्याही मुळाशीं स्वतःस बांधून घेण्याची कल्पना आहे. मौज अशी कीं, ज्या व्यवहारास भाषेनें करार म्हटलें, त्याचें बंधन मानण्यास कायद्यानें नकार दिला.

हा नकार आरंभापासून नव्हता. पाटण्याच्या अफूस कलकत्त्याच्या लिलावांत काय सरासरी भाव येईल यावर मुंबईंतील व्यापारी पैजा मारीत. अशाच एका पैजेचा दावा थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि इंग्लंडांतील बंदी हिंदुस्थानास लागू नसल्यामुळें पैजेचें देणें वसूल करतां येतें, असा निकाल १८४८ सालीं झाला. सरकारनें त्याच वर्षीं २१ वा कायदा करून पैजेचे करार रद्दबातल ठरविले. तरीही दलाली व जामिनकी यांची पळवाट राहिली होती. ती मुंबई सरकारच्या १८६५ च्या ३ऱ्या कायद्यानें बुजविली. पुढें १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या ३० व्या कलमांत हेंच तत्त्व आलें. मात्र घोड्यांच्या शर्यतींतील विजेत्यास द्यावयाच्या पांचशें रुपये वा त्याहून अधिक किंमतीच्या बक्षिसासाठीं दिलेली वर्गणी त्यांतून वगळली. ही सवलत बक्षिसास आहे, पैजेस नाहीं, हा भेद वाचकानें लक्षांत ठेवावा.

आतां मैदानांतील पद्धतींकडे वळूं. पैसे लावण्याचे मार्ग दोन. एक बुकमेकरचा, ज्यास लोक 'बुकी' म्हणतात. तो प्रत्येक घोड्याचा भाव पुकारतो, आणि ज्या भावानें आपण पैसे लावले तो भाव आपल्यापुरता कायम राहतो. एकास तीन भाव असतां दहा रुपये लावले व घोडा जिंकला, तर नफ्याचे तीस आणि आपले दहा मिळून चाळीस हातीं येतात. बाजारी बोलींत गिऱ्हाईक घोडा 'लावतो' आणि बुकी तो 'खातो'. खाणाऱ्याचें पोट कशानें भरतें, हें पुढील हिशेबावरून कळेल. तीन घोड्यांच्या शर्यतींत एकाचा भाव बरोबरीचा, दुसऱ्याचा एकास दोन व तिसऱ्याचा एकास तीन आहे असें समजूं. कोणताही घोडा जिंकला तरी शंभर रुपये परत यावेत, तर अनुक्रमें ५०, ३३⅓ व २५ रुपये लावावे लागतील. म्हणजे एकूण १०८⅓. सर्व भावांची बेरीज शंभराच्या वर जितकी जाते, तितकी बुकीची कमाई. त्याच्या वहींत सगळ्या घोड्यांवर पैसे योग्य प्रमाणांत आले असतील, तर कोण जिंकतो याची त्यास फारशी फिकीर नसते.

दुसरा मार्ग टोटलायझेटरचा, संक्षेपानें 'टोट'चा. ही कल्पना पॅरिसमध्यें झोसेफ ओलेर यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत काढली. ती चालविणारें स्वयंचलित यंत्र जॉर्ज ज्युलियस यानें बनविलें व तें १९१३ सालीं न्यूझीलंडांत ऑकलंड येथें प्रथम बसविलें गेलें. यांत भाव कोणीच पुकारीत नाहीं. सर्वांचे पैसे एकत्र होतात, त्यांतून कर व खर्च वजा जातो, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांवर वांटली जाते. समजण्यापुरतें उदाहरण घेऊं. एक लाख रुपये जमले, चौथा हिस्सा वजा झाला व पाऊण लाख उरले. जिंकणाऱ्या घोड्यावर दहा रुपयांचीं अडीच हजार तिकिटें असतील, तर तिकिटामागें तीस रुपये मिळतील. या तिसांत आपले मूळचे दहाही आले. नवखा मनुष्य टोटचे तीस आणि बुकीचा एकास तीन भाव एकच समजतो. वस्तुतः एकांत नफा वीस, दुसऱ्यांत तीस.

टोटच्या पैजांचीं नांवें बहुतेक परकी आहेत व तीं तशींच वापरणें सोयीचें. 'विन' म्हणजे घोडा पहिला यावा. 'प्लेस' म्हणजे तो पहिल्या कांहीं क्रमांकांत यावा. किती क्रमांक धरावयाचे तें धांवणाऱ्या घोड्यांच्या संख्येवर ठरतें. 'क्विनेला'मध्यें पहिले दोन घोडे सांगावयाचे, क्रम कोणताही. 'फोरकास्ट'मध्यें तेच दोन क्रमानें. 'टनाला'मध्यें पहिले तीन क्रमानें. दहा घोड्यांच्या शर्यतींत क्विनेलाचे ४५, फोरकास्टचे ९० आणि टनालाचे ७२० प्रकार संभवतात. 'जॅकपॉट'मध्यें ठरलेल्या शर्यतींतील सर्व विजेते ओळखावे लागतात. अशा पांच शर्यतींत प्रत्येकीं दहा घोडे धरले तर एक लाख प्रकार होतात. मोठ्या रकमेची बातमी वाचून हुरळणाऱ्यानें हा गुणाकार एकदां स्वतः करून पाहावा.

'हँडिकॅप' म्हणजे चांगल्या घोड्यावर अधिक वजन लादून सर्वांस समान संधि देण्याची रीत. मागील यशाची किंमत घोडा पुढील वेळीं पाठीवर वाहतो. जिंकण्याचें अंतर नाक, डोकें, मान, लांबी अशा घोड्याच्याच अंगांनीं मोजतात. शर्यत संपल्यावर हरकत घेतली गेल्यास स्टुअर्ड म्हणजे पंच तिचा विचार करतात व क्रम बदलूं शकतो. यास्तव निकाल कायम होईपर्यंत तिकीट फाडूं नये.

महालक्ष्मीचें मैदान १८८३ चें. त्यापूर्वीं शर्यती भायखळ्यास होत. पुढें चारच वर्षांनीं, १८८७ सालीं, मुंबई इलाख्याचा जुगारप्रतिबंधक कायदा झाला. अंधेरी, घाटकोपर हीं गांवें त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत होतीं. पावसाच्या पैजा या कायद्याखालीं येत नाहींत असा उच्च न्यायालयाचा निकाल १८८९ सालीं झाला, आणि लगेच १८९० सालीं दुरुस्ती करून पावसावरील पैजही जुगारांत घातली गेली. घोड्यांविषयीं मात्र निराळें धोरण पडलें. १९१२ च्या कायद्यानें शर्यतीच्या मैदानास परवाना आवश्यक ठरला, व १९२५ च्या कायद्यानें तेथील पैजांवर कर बसला. जुगाराच्या व्याख्येंतून घोड्यावरील पैज वगळली गेली, परंतु अटी घालून : ती शर्यतीच्या दिवशींच लावावी, परवानाधारकानें मैदानांत राखून ठेविलेल्या आवारांतच लावावी, आणि तेथील अधिकृत बुकमेकरकडे वा टोटवर लावावी.

म्हणजे निर्णय घोड्यानें होत नाहीं, कुंपणानें होतो. घाटकोपरच्या पानाच्या गादीवर उधारीनें लावलेला घोडा जिंकला, तरी ती पैज सवलतीच्या बाहेर व गुन्ह्याच्या आंत राहते. पैसे बुडाले तर दाद मागण्यास न्यायालय नाहीं, आणि कर्ज काढून खेळला असेल तर धमकी देणाऱ्या वसुलीदाराशींच गांठ. टोटवरील पैजेंत उधारी नाहीं, म्हणून तेथें मनुष्य खिशांतलेंच गमावतो. आमच्या मतें दोहोंतला व्यवहारांतला सर्वांत मोठा फरक हाच, आणि नवशिक्यास तो सहसा कोणी सांगत नाहीं.

१९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मद्रास रेस क्लबच्या प्रकरणांत घोड्यांची शर्यत हा मुख्यत्वें कौशल्याचा खेळ असल्याचें ठरविलें. घोड्याचें कुळ, वजन, स्वाराची तयारी यांचा अभ्यास करतां येतो, हें खरें. परंतु कौशल्याचा हा शिक्का सरकारच्या करास अडवूं शकला नाहीं : २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा पैजांवर वस्तु व सेवा कर शेंकडा ४० आहे, आणि तो लावलेल्या पैशांवर आकारला जातो, जिंकलेल्या पैशांवर नव्हे.